‘घरातलं प्रत्येक बिल लावा, टॅक्स शून्य करा’ म्हणे! जरा थांबा

रिटर्नचा सीझन आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतं. म्हणणं असं की पगारदार माणसाने मेंटेनन्स, लाइट बिल, पोरांची पूर्ण फी, औषधं, गणपतीची वर्गणी, घरभाडं, गाडीचा ईएमआय सगळं रिटर्नमध्ये दाखवावं, बिलावर जीएसटी नंबर असला की वजावट मिळतेच, पुरावा कोणी मागत नाही. आणि खाली ठळक, ‘सीए लोक हे सांगणार नाहीत’. अहो नाहीच सांगणार, कारण यातलं बरंचसं धादांत खोटं आहे. रिटर्न भरून देण्याचंच काम करतो म्हणून एकेक मुद्दा घेतो, आर्थिक वर्ष २०२५-२६ धरून.

आधी जे फॉरवर्डमध्ये नाहीच ते. तुम्ही जुन्या रिजीममध्ये (म्हणजे टॅक्स मोजायच्या पद्धतीत) आहात की नव्या? २०२३-२४ पासून नवी रिजीम डिफॉल्ट आहे, म्हणजे काही निवडलं नाही तर तीच लागते, आणि तिच्यात ८०सी (पीएफ, एलआयसी वगैरेची वजावट) नाही, मेडिक्लेमचं ८०डी नाही, एचआरए (घरभाडं भत्त्यावरची सूट) नाही, राहत्या घराच्या लोनचं व्याजही नाही. ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट वजावट) मिळतं, त्याला बिल लागत नाही. म्हणून नुसता पगार असेल आणि तो १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर रिबेटमुळे (टॅक्सवरच्या सवलतीमुळे) टॅक्स तसाही शून्यच होतो, कशाला ती बिलं गोळा करत बसायची? जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरा, उशीर झाला की तो ऑप्शन गेला.

आता जीएसटी नंबरवाला मुद्दा. हा नियम धंदेवाल्यांचा अर्धवट ऐकून नोकरदारांना चिकटवलाय. धंद्यासाठी केलेला खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो, तिथेही घरगुती खर्च चालत नाही. पगारातून किराणा, पेट्रोल, मोबाइल असलं काही वजा होत नाही, बिल कितीही पक्कं असू दे.

मेंटेनन्स आणि लाइट बिल? राहत्या घराचं काहीच नाही. दुसरा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाड्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, दोन्ही रिजीममध्ये. त्या ३० टक्क्यांत मेंटेनन्स, रंगकाम, प्लंबर सगळं आलं, वेगळं मागता येत नाही.

फीचा घोळ सगळ्यात मोठा, कारण इथे थोडं खरं आहे. जुन्या रिजीममध्ये ८०सीच्या दीड लाखात दोन मुलांची फी बसते, पण फक्त ट्यूशन फी. शाळेची पावती नीट उघडून बघा, ट्यूशन फी, टर्म फी, बस, युनिफॉर्म, अ‍ॅक्टिव्हिटी असे वेगवेगळे आकडे असतात, त्यातली पहिलीच ओळ धरायची. क्लासची फी नाही, डोनेशन तर नाहीच नाही. आणि त्याच दीड लाखात पीएफ, एलआयसी आणि होम लोनचं मुद्दल पण असतं, म्हणजे बऱ्याच जणांची मर्यादा पीएफ आणि मुद्दलातच भरून गेलेली असते.

एचआरएमध्ये फॉरवर्ड म्हणतं ‘बेसिकच्या ५० टक्के, मुंबईचा रेट’. चूक! ५० टक्के मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला. ठाणे आणि नवी मुंबई ४० टक्क्यांतच येतात. ऑफिस बीकेसीला असलं तरी घर कुठे आहे ते धरतात. समजा बेसिक ५० हजार (डीए, म्हणजे महागाई भत्ता, नाही), एचआरए २५ हजार, भाडं २८ हजार. भाड्यातून बेसिकचे १० टक्के काढले की २३ हजार, बेसिकचे ४० टक्के २० हजार, हे दोन आणि मिळालेला एचआरए २५ हजार, या तीन आकड्यांतला सगळ्यात लहान घ्यायचा, म्हणजे महिन्याला २० हजारच करमुक्त. मुंबईचा रेट लावला असता तर २३ हजार झाले असते, वर्षाला ३६ हजारांचा फरक, आणि तो तुम्ही जास्तीचा मागितला असता. आई-वडिलांना भाडं देता येतं, पण खरंच बँकेतून द्यायला हवं आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, मग तो आईचा असला तरी.

औषधं आणि डॉक्टरची बिलं सरसकट नाहीत. ८०डी मुळात प्रीमियमसाठी आहे, स्वतःचं कुटुंब २५ हजार, ज्येष्ठ आई-वडिलांचं ५० हजार. ज्येष्ठांचा इन्शुरन्सच नसेल तर त्यांचा औषधोपचार ५० हजारांपर्यंत चालतो, तोही कॅशमध्ये नको. आपल्याकडे कितीतरी घरांत हे लागू होतं आणि कोणी घेत नाही, हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

वर्गणी: मंडळाची ५०१ ची पावती चालत नाही, संस्थेकडे ८०जीची (देणगीवर वजावट मिळण्यासाठीची) नोंदणी लागते, गल्लीतल्या बहुतेक मंडळांकडे ती नसते. नोंदणी असली तरी दोन हजारांवर कॅश चालत नाही आणि अनेकदा वजावट निम्म्याचीच मिळते. गाडीचा ईएमआय नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या लोनच्या व्याजाची सवलत होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनसाठी.

राहिलं ‘पुरावा कोणी मागत नाही’. रिटर्नसोबत कागद जोडायचे नसतात एवढंच खरं. खोटी वजावट पकडली गेली तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, आणि नोटीस तुमच्या नावाने येते, रिफंडमधून टक्केवारी घेणाऱ्या एजंटच्या नावाने नाही. मागच्या वर्षी कोणी असं भरलं असेल तर अपडेटेड रिटर्नची सोय आहे, राहिलेला टॅक्स आणि व्याज यावर २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात, जितका उशीर तितके जास्त. पण त्या वर्षाची असेसमेंट (खात्याकडून रिटर्नची तपासणी) सुरू झाली की हा रस्ता बंद, म्हणून पोर्टलवर मेसेज आलाय का ते आजच बघून घ्या.