संगणकाने शोधलेला तीव्र षड्ज

"नोटेशनसाठी, म्हणजे संगीत कागदावर उतरवायला, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "कागद वाचणार कोण?" हा प्रश्न लोकांना आगाऊपणाचा वाटतो. लिहिणार आपण, पैसे (किंवा वेळ) घालणार आपण, मग वाचणाऱ्याचा काय संबंध? पण गोम तिथेच आहे. अमेरिकेत शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणाऱ्या भाचीला अभंग पाठवायचा असेल तर पाच रेघा हव्यात, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांना पाठवायचा असेल तर सा रे ग म हवं. पाच रेघांचा कागद बघून काका "छापलंय मात्र झकास" म्हणतात आणि पेटी डुगडुगत असेल तर त्याची घडी करून खाली सारतात.

हा निवाडा न करता बहुतेक जण थेट डाउनलोडला हात घालतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, "म्युझस्कोअर घे, फुकट आहे." खरंच आहे. वेर्नर श्वेअर या गृहस्थांनी २००२ साली सुरू केलेला हा मुक्त स्रोताचा प्रोग्राम आजही फुकट आहे आणि चांगला आहे. पण त्याच नावाच्या दोन जागा आहेत. डॉट ऑर्गवर प्रोग्राम मिळतो. त्याचं हल्लीचं नाव म्युझस्कोअर स्टुडिओ. डॉट कॉमवर लोकांनी चढवलेली नोटेशनं मिळतात आणि तिथे वर्गणीचा मामला आहे. माणूस घाईत डॉट कॉमवर जातो, कार्डाचा नंबर देतो आणि मग सल्ला देणाऱ्याला फोन करतो, "फुकट म्हणाला होतास ना?" तेव्हा पहिली पायरी ही: पत्त्याची शेपटी नीट वाचा.

बाकीच्यांतली बरीच मंडळी पैशांची आहेत, किंवा अर्धवट फुकट आहेत. सिबेलियस १९९३ मध्ये दोन जुळ्या इंग्रज भावांनी एकॉर्न नावाच्या संगणकासाठी बाजारात आणलं. पुढे ते विकलं गेलं. २०१२ मध्ये नव्या मालकांनी लंडनचं ऑफिस बंद केलं, तिथली माणसं उठून स्टाइनबर्ग या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये त्यांनी डोरिको काढलं. म्हणजे हे एकाच घरातून फुटलेले दोन वाडे. दोन्हीकडची माणसं दुसऱ्याचं नाव निघालं की भाऊबंदकीतल्यासारखा चेहरा करतात. दोघांचीही फुकट आवृत्ती आहे: सिबेलियसची चार वाद्यांपर्यंत, डोरिकोची आठ वादकांपर्यंत. आता भजनी मंडळ मोजा. गायक, पेटी, पखवाज, तबला झाले चार. सिबेलियसच्या हिशेबाने टाळकरी बाहेर ओट्यावर.

लिलीपाँड हा चौथा. तो साधुपुरुष आहे. माउस नाही, पाच रेघा नाहीत, नुसती अक्षरं टाइप करायची. तो विचार करतो आणि पान छापून देतो. पान असं देखणं येतं की जुन्या युरोपातल्या कोरक्यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं असावं. अट एकच, उघडलेला प्रत्येक महिरपी कंस बंद व्हायला हवा. एक राहिला तर सबंध बंदिश गायब आणि जागेवर एक तक्रार, तीही भलत्याच ओळीचा नंबर देऊन. ज्यांच्या घरी रोज झोपण्याआधी गॅसची कळ दोनदा तपासली जाते त्यांना हा मानवतो.

आणि फिनाले. १९८८ पासूनचं हे सॉफ्टवेअर ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलं. ज्यांच्या दोन-दोन दशकांच्या फायली त्यात होत्या त्यांच्या पोटात गोळा आला. विकत घेतलेला प्रोग्राम त्या रात्रीत काही नाहीसा झाला नाही, पण पुढच्या विंडोजवर तो चालेल याची हमी आता कोण देणार? म्हणून निवड कुठलीही करा, फाइल साठवताना तिची एक प्रत म्युझिकएक्सएमएल या रूपात काढून ठेवा. हे सगळ्या प्रोग्रामांना कळणारं सामाईक रूप आहे. स्वर, लय, बोल त्यातून बहुतेक सुखरूप जातात. पानाची मांडणी, फॉन्ट, ओळी कुठे तुटायच्या हे वाटेत सांडतं. मिडी फाइलवर विसंबू नये. तिला कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली एवढंच कळतं. आणि पीडीएफ हे तर छापील चित्रच. "पीडीएफ आहे, त्यातले स्वर बदलून दे" असं जे सांगतात ते भाकरीतून ज्वारी परत मागत असतात. छापील पान वाचणारे प्रोग्राम आहेत, ऑडिव्हेरिस हा त्यातला फुकटचा. पण पान स्वच्छ हवं. वहीच्या मोबाइलवर काढलेल्या, अंगठ्याची सावली पडलेल्या फोटोतून त्याला जे वाचता येतं ते संगीत नसतं.

आता समजा म्युझस्कोअर उतरवलं. "नवीन" दाबलं की ते वाद्य, मापन, पट्टी, गती असे प्रश्न विचारतं आणि काहीच सांगितलं नाही तर ४/४ चे, म्हणजे चार-चार मात्रांचे, ३२ कोरे डबे समोर मांडतं. त्रितालाला हे बरं जमतं. सोळा मात्रांचा एकच लांबलचक डबा करू नका. चार-चारचेच ठेवा आणि मांडणीच्या मेनूतून दर चार डब्यांनी ओळ तोडायला सांगा. एक ओळ, एक आवर्तन. सम, म्हणजे पहिली मात्रा, डाव्या काठाला येते, खाली, म्हणजे नववी, मधोमध, आणि पाच रेघांना खाली म्हणजे काय हे ठाऊकच नसल्यामुळे तिचं शून्य वर मजकूर म्हणून हाताने टाकावं लागतं. बंदीश नवव्या मात्रेपासून उठत असेल तर पहिल्या अर्ध्या ओळीची सोय करावी लागते. ती विसरलात की अख्खी बंदीश आठ मात्रा सरकते आणि कागदावरची सम खालीवर पडते. दादरा ६/८ मध्ये घ्या, ३/४ मध्ये नको, कारण तो तीन-तीनचा आहे, दोन-दोन-दोनचा नाही. झपतालाला डोरिको जास्त समजूतदार: शिफ्ट-एम दाबून २+३+२+३ असं सरळ लिहिता येतं आणि स्वरांचे झुबके तसेच बांधले जातात. आलापालाही तिथेच उपाय आहे. त्याच चौकटीत एक्स लिहिला की ताल सुटतो. म्युझस्कोअरमध्ये मात्र डब्याची लांबी वाढवा, मापनाचा आकडा लपवा, असं चोरून आलापी करावी लागते.

लिहायचं कसं? अक्षरं ए ते जी म्हणजे स्वर, आकडे म्हणजे काल. इथे या मंडळींनी एक गंमत करून ठेवली आहे. एका मात्रेच्या साध्या स्वराला म्युझस्कोअरमध्ये ५ दाबायचं, डोरिकोत ६, सिबेलियसमध्ये उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवरचं ४, लिलीपाँडमध्येही ४. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात गेलेला माणूस पहिला आठवडाभर सगळं दुगुनीत नाहीतर निम्म्या लयीत लिहितो. आणि सिबेलियस घेणाऱ्यांनी लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांची पट्टी आहे का ते आधी बघावं. नसेल तर ती वेगळी विकत मिळते.

"टाइप कशाला करू, मी पेटी वाजवतो, कीबोर्ड जोडतो" असं म्हणणारे इथे भेटतात. जोडा. यूएसबीची तार लागते, बाकी काही नाही. पण आधी हे ऐका. सा म्हणजे सी धरून भैरव वाजवला. कोमल रिषभाची पट्टी दाबली. यंत्राला पट्टी क्रमांक ६१ कळली. ६१ म्हणजे सी शार्पही (चढा सी) आणि डी फ्लॅटही (उतरा डी). यंत्र बेधडक सी शार्प लिहितं. म्हणजे काय लिहितं? तीव्र षड्ज! षड्ज आणि पंचम अचल, हे लहानपणी पहिल्या परीक्षेत पाठ करून लिहिलेलं असतं. इथे संगणकाने एका झटक्यात षड्ज तीव्र करून दाखवला. म्युझस्कोअरमध्ये त्या स्वरावर जाऊन "जे" हे अक्षर दाबलं की तो पुन्हा कोमल रे होतो. दर वेळी दाबायचं नसेल तर पट्टीचं चिन्ह (ओळीच्या सुरुवातीला येणारे शार्प-फ्लॅट) स्वतः बनवा, फक्त डी फ्लॅट आणि ए फ्लॅटचं. तयार यादीत ते सापडणार नाही. तिथे दोन फ्लॅट म्हणजे बी आणि ई, आणि तो सी-पासूनचा काफी झाला. भैरव, मारवा, पूर्वी, तोडी यांना पाश्चात्त्य यादीत जागा नाही. मारव्याला तर एक फ्लॅट आणि एक शार्प शेजारी शेजारी लागतात, हे बघून तिकडचा व्हायोलिनवाला छपाईची चूक म्हणून पत्र लिहील.

गायिका काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणार असेल तरी लिहिताना सा सी-वरच ठेवून शेवटी सगळं एकदम सरकवणं बरं. आणि सरकवताना काळी एकला सी शार्प निवडू नका. सात शार्पांचं कुंपण उभं राहतं. डी फ्लॅट घ्या, पाचावर भागतं. स्वर तेच, वाचणाऱ्याच्या शिव्या दोनने कमी.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, ऐकवायची हौस असेल तर दोन स्वरांमध्ये ग्लिसांडोची रेघ टाकतात. ती मूळ सेटिंगवर मधला एकेक अर्धस्वर वाजवत उतरते. पोरगं जिन्यावरून चपला वाजवत खाली आल्यासारखी मींड ऐकू येते. त्या रेघेच्या गुणधर्मांत जाऊन वाजवण्याची पद्धत पोर्टामेंटो करा. सुधारते. आंदोलनाचं, म्हणजे स्वर हळूहळू झुलवण्याचं, विचारू नका.

बोल देवनागरीत टाकायला कंट्रोल-एल. शब्द तोडायचा तिथे आडवी रेघ, शब्द संपला की स्पेस. "विठ्ठल" हा वि-ठ्ठ-ल असा अक्षरावर तोडा. हलन्तावर तोडलात तर पाय मोडलेला ठ एका स्वराखाली आणि दुसरा पुढच्याखाली असा विठ्ठल दोन विटांवर उभा राहतो. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरीसारखा ठेवा. म्युझस्कोअरमध्ये बोलांच्या विषम ओळींची शैली वेगळी आणि सम ओळींची वेगळी असते. एकच बदललीत की पहिलं कडवं सुरेख आणि दुसरं परक्या फॉन्टात.

आता काकांकडे येऊ. भातखंडे पद्धतीने, म्हणजे मात्रांखाली सा रे ग म मांडून, लिहायचं तर मला विचाराल तर यातलं एकही सॉफ्टवेअर नको. एक्सेल घ्या. सोळा स्तंभ, दर चौथ्याच्या उजवीकडे जाड रेघ. पहिल्या ओळीत ×, २, ०, ३ ही तालचिन्हं, दुसरीत मात्रा, तिसरीत स्वर, चौथीत बोल. स्तंभांची रुंदी सारखी. भातखंड्यांना एक्सेल मिळालं असतं तर त्यांनी याहून वेगळं काही केलं नसतं. पण सगळे रकाने आधी "टेक्स्ट" करा. नाहीतर एका मात्रेत अर्धी विश्रांती आणि गंधार म्हणून "-ग" लिहिलंत की एक्सेल त्याला वजाबाकी समजतं आणि गंधाराच्या जागी चूक दाखवतं. वर्डमध्ये त्याहून वाईट: एका ओळीवर तीन आडव्या रेघा टाकून एंटर दाबलं की तीन मात्रांच्या विश्रांतीची पानभर रेघ होते. लगेच कंट्रोल-झेड दाबलं तरच सुटका.

चिन्हं कुठून आणायची? वेदपाठ्यांकडून उसनी. कोमलाची खालची रेघ म्हणजे अनुदात्त, तीव्र मध्यमाची वरची उभी रेघ म्हणजे उदात्त नावाचं चिन्ह: रे॒ ग॒ म॑ ध॒ नि॒. वर्डमध्ये स्वर लिहून पुढे ०९५२ किंवा ०९५१ टाइप करा आणि ऑल्ट-एक्स दाबा. आकडे मात्र इंग्रजी कीबोर्डचे हवेत, देवनागरी आकड्यांना तो जुमानत नाही. तार सप्तकाला अनुस्वार चालतो, सां रें गं. मंद्राला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, ध़ प़. मंद्र कोमल निषाद ही कठीण परीक्षा: आधी न, लगेच नुक्ता, मग वेलांटी, शेवटी अनुदात्त. नुक्ता वेलांटीनंतर दिलात की बहुतेक ठिकाणी शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं, आणि ते मंद्रही नाही, कोमलही नाही.

काहींना दोन्ही हवं असतं: भाचीला पाच रेघा, काकांना सरगम, एकाच कागदावर. तसंही करता येतं. पाच रेघा म्युझस्कोअरमध्ये लिहा आणि बोलांची दुसरी ओळ म्हणून सरगम भरा, सम ओळींच्या शैलीत फॉन्ट किंचित मोठा ठेवून. फक्त पानाच्या सेटिंगमध्ये दोन ओळींमधलं अंतर आधीच वाढवून ठेवा. तुम्ही कितीही सुबक सरगम छापलीत तरी काका ती खोडून स्वतःच्या पट्टीची वर लिहिणार आहेत, आणि त्यांची पेन्सिल सुताराची असते.