पंचाहत्तरी उलटली म्हणून अँजिओप्लास्टी नको?

फॅमिली ग्रुपवर फिरणारा हा फॉरवर्ड शेवटी आईपर्यंत पोचला. 'पंचाहत्तरीनंतर हार्ट अटॅकमध्ये शॉक आला तर अँजिओप्लास्टी करू देऊ नका, पेशंट लवकर जातो हे अमेरिकेत सिद्ध झालंय. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा, जोरजोरात खोका. बाकी सगळा बिलं फुगवायचा धंदा.' आई एकोणऐंशीची. मेथी निवडता निवडता म्हणाली, "मला काही झालं तर उगाच धावाधाव करू नका रे."

आधी सॉर्बिट्रेट, कारण त्यानेच माणूस जाईल. कार्डिओजेनिक शॉक म्हणजे हृदयाला रक्त पुढे ढकलताच येत नाही. वरचं बीपी ९० च्या खाली, हातपाय गार, दरदरून घाम, बोलणं असंबद्ध. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे बीपी आणखी पाडतं. आणि ही गोळी घरोघरी औषधांच्या डब्यात पडलेलीच असते!

आता ते 'अमेरिकेत सिद्ध'. १९९९ चा 'शॉक ट्रायल' हा अभ्यास, ३०२ पेशंट. पंचाहत्तरीचे आणि पुढचे त्यात फक्त ५६. तातडीने रक्तवाहिनी उघडायच्या गटातल्या २४ पैकी १८ महिन्याभरात गेले, आधी औषधांवर ठेवलेल्या ३२ पैकी १७. आकडे खरे आहेत, बरं. पण त्या २४ जणांची हृदयं मुळातच जास्त दुबळी होती. आणि 'औषधांवर' म्हणजे घरी गोळी चघळत नव्हे. दवाखान्यात, बहुतेकांना बलून पंप (हृदयाला आधार देणारं यंत्र) लावून, पुढे गरज पडली तर अँजिओप्लास्टीची मुभा ठेवून. त्याच संशोधकांच्या रजिस्ट्रीत, म्हणजे ट्रायलबाहेरच्या पेशंटच्या नोंदींत, लवकर रक्तवाहिनी उघडलेल्या वृद्धांपैकी ४८ टक्के दगावले, बाकीच्यांपैकी ८१. रक्तवाहिनी उघडायला त्यातल्या त्यात धडधाकट म्हातारे निवडले असणार, हेही मान्य. तरी २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी शॉकमध्ये तातडीने रक्तवाहिनी उघडण्यासाठीची पंचाहत्तरीची अट काढूनच टाकली.

वयाने धोका वाढतो, नाही कोण म्हणतंय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे घरचे डॉक्टरांशी बोलून नको म्हणाले, तर तो त्यांचा हक्क. पण ते तब्येत बघून ठरवायचं, जन्मतारीख बघून नाही.

खोकण्याचं काय सांगू? शुद्ध हरपणाऱ्याला खोकायला लावणार कसं? आणि बिलांवरून भांडायला मीही येतो, पण नंतर. आधी १०८ ला फोन.

वय नडतं ते दवाखान्यात पोचायच्या आधीच. म्हाताऱ्यांच्या छातीत दरवेळी दुखतंच असं नाही. दम लागतो, चक्कर येते, बडबड सुरू होते. आमच्या शेजारच्या आजोबांना 'गॅस झालाय' म्हणून ओवा देत बसले होते. तीन तास.