भाव बांधला, पण कोणत्या गोळीचा?

काल नागपूरच्या मेडिकल चौकात बाबांची औषधं घ्यायला उभी होते. पुढे एक काका, उमरेडहून ओपीडीत आलेले. चिठ्ठी पुढे करत म्हणाले, "भाऊ, सध्या पाच दिवसांच्याच द्या." दुकानदाराने कात्रीने स्ट्रिप कापली आणि उरलेला तुकडा खोक्यात टाकला. चिठ्ठी हृदयाच्या औषधांची होती. स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळीची बारीक नळी, बसवलेल्या माणसाने रक्त पातळ करणारं औषध मध्येच सोडलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. काकांना हे कुणी नीट सांगितलं असेल का?

आमच्या बाबांची अँजिओप्लास्टी डिसेंबर २०१६ ची. एका खासगी दवाखान्याने एका स्टेंटचे सव्वा लाख लावले. घरातला कापूस भाव चढायची वाट न बघता विकला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली, साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६०. बातमी वाचून मी रागाने रडले होते. तेव्हा काही कंपन्यांनी महागडे स्टेंट बाजारातून काढायची परवानगी मागितली, सरकारने पुरवठा चालूच ठेवायला लावला. नागपुरात अँजिओप्लास्टी काही थांबल्या नाहीत. म्हणून भाव बांधू नका म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही.

पण स्टेंट एकदाच बसतो, गोळ्या मात्र जन्मभराच्या. तिथे सरकारचा हात आखडतो. औषधांच्या किमतींवरच्या १९९५ च्या सरकारी आदेशात किंमत उत्पादन खर्चावरून ठरायची. २०१३ पासून बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराच्या नफ्याचे १६ टक्के धरतात. म्हणजे महागडे ब्रँडच सरासरी वर ओढतात. हेही फक्त सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना. यादीबाहेरच्यांची एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. जुलै २०१४ मध्ये हृदयरोग आणि मधुमेहाच्या यादीबाहेरच्या १०८ औषधांवर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने किमतीची मर्यादा घातली होती. ज्या मार्गदर्शक सूचनांच्या आधारे ती घातली, त्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या सांगण्यावरून मागे घेतल्या गेल्या. मला हे आजही पटत नाही.

रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉल कमी करणारं ॲटोर्वास्टॅटिन, ही तिन्ही वेगवेगळी यादीत आहेत. तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घातली की ती कॅप्सूल यादीत नाही. बाबांच्या चिठ्ठीवर कित्येक वर्षं तीच होती. मागच्या वर्षी मी डॉक्टरांना विचारलं, तीन वेगळ्या गोळ्या चालतील का? त्यांनी लगेच लिहून दिल्या आणि महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आला. सकाळी मी स्वतः डबीत काढून देते, म्हणून चुकत नाही. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र एकच कॅप्सूल सोयीची, हे मान्य. मग तिच्यावरही कमाल किंमत हवी ना? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हृदयविकाराच्या, एकात अनेक औषधं असलेल्या काही गोळ्या स्वतःच्या अत्यावश्यक यादीत घेतल्या. भारताच्या यादीतही अशा गोळ्या याव्यात, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहावं, एवढंच माझं मागणं आहे.

काल काकांची चिठ्ठी मी वाकून पाहिली. तीच कॅप्सूल होती. पुढच्या वेळी डॉक्टरांना वेगळ्या गोळ्यांचं विचारा, असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आम्ही कुठे डॉक्टरला विचारतो?"