दहावी आणि ‘रोज चौदा तास’: त्या मेसेजला उत्तर

जून उजाडला की दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. रोज चौदा तास अभ्यास, झोप फक्त पाच तास, पहाटे चारला उठायचं, खेळ आणि लग्नकार्यं वर्षभर बंद. ‘एक वर्ष सोसा, मग आयुष्यभर आराम.’ शेवटी दाखला कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा. मी साताऱ्यात गणित-विज्ञान शिकवते. पेंगुळलेल्या डोळ्यांची मुलं वर्गात बघून जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी चौदा तासांचा हिशोब. मेढ्याकडच्या एखाद्या गावातून एसटीने येणारी मुलगी धरा. शाळा सहा तास, प्रवास आणि स्टँडवरचं थांबणं दोन तास, अंघोळ-जेवण आणि घरातली कामं अडीच तास. झोप पाचच तास ठेवली तर उरले साडेआठ. म्हणजे शाळेचे तास धरून चौदा जुळतात, पण दिवसभरात अर्धाच तास मोकळा राहतो. असं वर्षभर कोण जगेल? तेच आठ तास झोप दिली तर साडेपाच तास उरतात. त्यातले तीन-साडेतीन तास मन लावून बसली, तर पुष्कळ झालं.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक समज. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेलं मेंदूत पक्कं बसवण्याचं काम झोपेतच चालतं. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते. अकराला झोपून चारला उठवलं की हा पहाटेचा भागच कापला जातो. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं. नऊला झोप येत नाही हा आळस नव्हे. पहाटे घर शांत असतं, हे खरं. नऊला खरोखर झोपणारं मूल पाचला उठलं तर उत्तमच. पण रात्रीचं जागरणही हवं आणि पहाटही हवी, असं चालत नाही.

‘धडा दहा वेळा वाचा’ हा पुढचा सल्ला. माझ्याकडे मुलं गुरुत्वाकर्षणाचा धडा पिवळ्या पेनाने रंगवून आणतात. मी पुस्तक मिटायला लावते आणि मुक्तिवेगाचं सूत्र कोऱ्या कागदावर काढायला सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला हात थांबतो. जिथे थांबतो, तेवढंच परत वाचायचं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. बोर्डाची परीक्षा तर महिन्यांनी येते. आठवून लिहिणं दमवतं, त्यामुळे चाळीस-पन्नास मिनिटांनी उठावंच लागतं. मात्र उठून मोबाइलवर रील्स बघणं म्हणजे विश्रांती नव्हे. अंगणात दोन फेऱ्या मारा, आईशी बोला.

खेळ बंद करू नका. संध्याकाळी घाम निघाला की रात्री झोप लागते, एवढं कारण पुरे. सख्ख्या मामाच्या लग्नाला गेल्यानेही कुणी नापास होत नाही.

आता अण्णांचा दाखला. हा मला सर्वात जास्त लागतो. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढणाऱ्या भाऊरावांची शिकवण ‘कमवा आणि शिका’ ही होती. तिथली मुलं स्वयंपाकापासून सगळी कामं स्वतः करत, अंगमेहनत करत आणि शिकत. दिवसभर पुस्तकात डोकं खुपसून बसा, असं त्यांनी शिकवलं नाही. त्यांचं नाव या मेसेजखाली घालू नका.

‘मग आयुष्यभर आराम’ हेही खोटं. पुढे अकरावी-बारावी आहे, सीईटी आहे. दहावीतच थकलेलं मूल तिथे कसं टिकेल? आणि एखादा विषय राहिलाच, तर पुरवणी परीक्षा असते. घाबरवून काय मिळतं?

पालकांना काही करायचंच असेल तर एक करा. बोर्डाचा पेपर सकाळी 11 ला सुरू होतो. जानेवारीपासून रविवारी 11 ते 2 या वेळेत मुलाला सराव पेपर सोडवू द्या, टीव्ही बंद ठेवा, पाहुण्यांना दुपारनंतर बोलवा. आणि पेपरच्या आदल्या रात्री दहाला त्याच्या हातातलं पुस्तक काढून घ्या.