जनता दरबारात सुटलेला प्रश्न

लाडकी बहीणचे १५०० रुपये खात्यात पडले की फेसबुकवर 'हा पॉप्युलिझम', म्हणजे नुसतं लोकांना खूश करणारं राजकारण, असा गजर सुरू होतो. मला हे पटत नाही. ही योजना परवडते का, हा तिजोरीचा प्रश्न आहे. निकष लिहिलेले आहेत: वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. २०२५-२६ ची ३६,००० कोटींची तरतूद अर्थसंकल्पात दिसते, तिच्यावर सभागृहात भांडता येतं. खरा पॉप्युलिझम वेगळा: मला भीती वाटते ती 'लोक आणि मी, मध्ये कुणी नको' म्हणणाऱ्या नेतृत्वाची. मग समिती नको, युनियन नको, कोर्ट अडथळा, पत्रकार विकलेले, आणि जो विरोध करेल तो 'आपला' नाहीच.

असा नेता उगाच वर येत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचं गिरणगाव आठवा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागात एका उद्योगाची एकच प्रातिनिधिक युनियन. २५ टक्के सभासद दाखवायचे, मान्यता घ्यायची, की मालकाशी बोलायचा हक्क तिचाच. कापड गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा गुप्त मतदानाने कौल घ्यायची सोय कायद्यात नव्हती. वर्षानुवर्षं बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, राबणाऱ्याने कैफियत मांडायची कुठे? तो कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांचा राग शंभर टक्के खरा होता, हे आजही ठासून सांगायला हवं. पण तडजोड कधी, किती, कुणाशी, हे सगळं एका माणसाभोवती फिरत राहिलं. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८४ ला सामंत लोकसभेवर निवडून गेले. ज्या कायद्याने कामगारांचं तोंड बांधलं होतं, तो मात्र तसाच राहिला.

आता मुंबई महापालिकेकडे या. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत २२७ पैकी एकही नगरसेवक नव्हता. प्रशासनानेच प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासकाने स्थायी समिती म्हणून तो मंजूर करायचा. तक्रारीला वाट नाही म्हटल्यावर जनता दरबारांना गर्दी होणारच.

दरबारात काय होतं ते नीट पाहा. चाळीत पाणी कमी दाबाने येतं. अर्ज पुढे सरकतो, दरबार भरवणारे नेते, म्हणजे साहेब, कोपऱ्यात 'तातडीने कार्यवाही करावी' लिहितात, सगळ्यांसमोर स्पीकरवर वॉर्ड ऑफिसला फोन लावतात. टाळ्या. दुसऱ्या दिवशी चावीवाला त्या गल्लीचा व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. पण त्या भागाला मिळणारं पाणी तेवढंच असतं, म्हणून पुढच्या गल्लीचा दाब पडतो. जुनी गंजलेली लाइन तशीच. आठवड्याने पुढची गल्ली दरबारात उभी, आणि दोन्ही गल्ल्या साहेबांच्या ऋणात. कागद कुठेच नोंदलेला नसल्यामुळे किती गल्ल्यांना हाच त्रास आहे हे कुणालाच कळत नाही, आणि नवीन लाइनचा प्रस्तावही तयार होत नाही. हे सगळ्याच पक्षांच्या दरबारांना लागू आहे.

दरबारात जरूर जा, नडलेल्या माणसाला मी नको म्हणणार नाही. पण आधी वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख बघून घ्या. नवीन नळजोडणी, दाखला अशी अधिसूचित सेवा असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली असते. ती टळली की पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. दाबाची तक्रार असेल तर शेजारच्या गल्ल्यांचे अर्ज एकत्र करा, प्रत्येकावर पाणी येण्याची आणि जाण्याची वेळ लिहा. अर्जांचा गठ्ठा नगरसेवकाकडे द्या आणि विषय प्रभाग समितीच्या, म्हणजे त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीच्या, कार्यपत्रिकेवर घ्यायला लावा. एकदा इतिवृत्तात आलं की पुढच्या बैठकीत अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, साहेब कुठल्याही पक्षाचे असोत.

आणखी एक. प्रभाग समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात आहे. तुमच्या वॉर्डात ते कोण आहेत, नेमलेच नसतील तर का नाहीत, हे या आठवड्यात नगरसेवकाला लेखी विचारा.