केस गळत नाहीत म्हणून पूडल घेताय?

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, "कुत्रा आणायचाय. स्टँडर्ड पूडलचे केस गळत नाहीत म्हणतात, आणू का?" उत्तर लिहिता लिहिता इतकं लांबलं की म्हटलं, पोस्टच टाकावी.

स्टँडर्ड म्हणजे कुरळ्या केसांच्या पूडल जातीतला सगळ्यात मोठा आकार. गळत नाहीत म्हणजे काय, तर सोफ्यावर पडत नाहीत. पूडलचा केस वाढतच राहतो, आणि गळतो तोही कुरळ्यांत अडकून बसतो. झाडू वाचतो, फणी वाचत नाही. आमचा बंड्या वर्षाचा होत आला तेव्हा पिल्लाची लव जाऊन मोठेपणीचे केस यायला लागले. या दिवसांबद्दल आम्हाला आधी कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. सकाळी विंचरावं, तर संध्याकाळी कानामागे, काखेत, पट्ट्याखाली जटा! मी आपली वरवर ब्रश फिरवत होते. वरून कापूस, आत कातडीपाशी घोंगडी. त्यात मी शहाणीने आंघोळ घातली. ओल्या जटा अजूनच आवळल्या, शेवटी सगळा भादरावा लागला. एवढा मोठा कुत्रा आतून इतकासाच निघाला. आता एकेक थर उचलून मुळापासून ब्रश, मग स्टीलची फणी. ती कुठेही न अडता गेली तरच सुट्टी. शिवाय दर पाच-सहा आठवड्यांनी कातरणं असतंच.

ॲलर्जीचंही तसंच. ती केसांची नसते, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती पूडलमध्येही असतात. नवऱ्याला शिंकांचा त्रास, म्हणून पिल्लू ठरवण्याआधी तो तीनदा मोठ्या पूडलांसोबत तासतासभर बसून आला. त्याला जमलं. तुमच्या घरी जमेलच असं नाही.

मग घ्यायचा कशासाठी? डोक्यासाठी. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांच्या १९९४ सालच्या, कुत्र्यांच्या हुशारीच्या प्रसिद्ध क्रमवारीत बॉर्डर कॉलीच्या पाठोपाठ पूडलचा नंबर आहे. पण हुशार कुत्रा आपण न शिकवलेलंही शिकतो. धाकटी रडली की सगळे ताटावरून उठतात, हे बंड्याने बरोबर हेरलं. आता ती रडली की सगळे तिच्याकडे धावतात आणि हा टेबलाकडे. सासूबाई म्हणतात, "घरात अक्कल एकालाच आहे."

आणि हा शोभेचा कुत्रा नव्हे. उंची ४५ ते ६० सेंटिमीटर, मूळ धंदा पाण्यात पडलेली बदकं आणून देण्याचा. पूडलची ती विचित्र वाटणारी, अंग भादरून मधेच केसांचे गोळे ठेवणारी हजामतसुद्धा पोहायला सोपं जावं आणि छाती, सांधे उबदार राहावेत म्हणून सुरू झालेली. जॉन सूटर यांनी तर १९८८ साली अलास्कातल्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या शर्यतीत स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढायला पूडल जुंपले होते! असं जनावर दिवसभर रिकामं ठेवलं तर ते स्वतःच काम शोधतं. आमच्याकडे त्याने उशा निवडल्या होत्या.

पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या तपासण्या मागा, लाजू नका. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. पोट फुगून टणक झालं, कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही पडत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. जठराला पीळ पडलेला असू शकतो. थेट डॉक्टर गाठायचा.

मैत्रिणीला मी एवढंच विचारलंय, की रोज संध्याकाळी विंचरायला घरात कोण बसणार? दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.