पांढऱ्या अंड्यात कस नसतो काय? एक खुलासा

‘फार्मच्या पांढऱ्या अंड्यात कस नसतो, लेकरांना गावरान अंडेच द्या’ असा संदेश विदर्भातील गावांत मोबाईलवरून फिरत असून तो चुकीचा आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो. व्हाइट लेगहॉर्न ही कोंबडीची जात पांढरीच अंडी घालते. साधारण ५० ग्रॅमच्या कोणत्याही अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, शिवाय बी-१२ जीवनसत्त्व मिळते. उकिरड्यावर, शेतात चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक अधिक पिवळा दिसतो तो हिरवा पाला, मका यांतील रंगद्रव्यांमुळे, आणि त्यावरून प्रथिनांचे प्रमाण कळत नाही. गावरान अंड्याची चव अनेकांना आवडते, हे मान्य. परंतु महाग म्हणून ते परवडत नसल्यास लेकराला अंड्याविना ठेवण्याचे कारण नाही. अंडे मात्र कच्चे न देता पूर्ण उकडूनच द्यावे.